बारावीचा मुलगा, ३०० पैकी ७४ आणि आईची बिनपगारी रजा

प्रश्न एका आईचा आहे, थोडक्यात असा. मुलगा बारावी सायन्सला, पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुप. दहावीला ९१ टक्के होते. इंटिग्रेटेड क्लासला घातलंय, म्हणजे कॉलेजचं नाव फक्त हॉल तिकिटापुरतं. गणपतीच्या आधी क्लासची जेईई पॅटर्नची, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेश परीक्षेसारखी, टेस्ट झाली, त्यात ३०० पैकी ७४ पडले. पोरानं घरी सांगितलंच नाही. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यादी आली तेव्हा आईला कळलं. रात्री दोनपर्यंत खोलीत लाइट चालू, सकाळी उठवेना, फोन हातातून सुटेना. मिस्टर म्हणतात फोन काढून घे. आई बँकेत आहेत. त्या विचारतायत, फेब्रुवारीपर्यंत बिनपगारी रजा घेऊन घरी बसू का?

ताई, मी ज्युनिअर कॉलेजला २४ वर्षं केमिस्ट्री शिकवते आहे आणि त्यातली निम्मी वर्षं बारावीची वर्गशिक्षिका. रजेचं उत्तर आधी देते, नाहीतर तुम्ही उद्याच अर्ज टाकाल. आत्ता नको. का ते पुढे सांगते, आणि ते ऐकीव नाही. मी स्वतःच्या मुलाच्या वेळी अशी रजा घेतली होती.

तुमच्या प्रश्नातलं एकच वाक्य मी तीनदा वाचलं: ‘त्यानं सांगितलं नाही, ग्रुपवर कळलं.’ मला ७४ची फारशी काळजी वाटत नाही. बारावीत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असे आकडे मी दरवर्षी ढिगानं बघते. काळजी वाटते ती पोरगं वाईट बातमी घरी आणेनासं झालंय याची. इथून फेब्रुवारीपर्यंत त्याला अशा दहा-बारा टेस्ट द्यायच्या आहेत. सहामाही आहे, प्रिलिम आहे. प्रत्येक वेळी काहीतरी बिनसणार. ते त्याच संध्याकाळी जेवताना कळलं तर दोन दिवसांत इलाज निघतो. दडवलं गेलं तर जानेवारीत सगळं एकदम अंगावर येतं, आणि तेव्हा हातात उरतात फक्त आठवडे. म्हणून टाइमटेबल, फोन, क्लास बदलणं हे सगळं नंतर. आधी त्यानं तुम्हाला खरं सांगणं पुन्हा सुरू व्हायला हवं.

आता एक कबूल करते. मी तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही. इंजिनिअरिंग त्याला स्वतःला हवंय की दहावीच्या ९१ टक्क्यांनी परस्पर ठरवलंय, हे मला माहीत नाही. घरात अजून कोण आहे, त्याला स्वतःची खोली आहे की हॉलमध्येच टीव्हीशेजारी बसायचंय, क्लासला जाण्या-येण्यात किती तास जातात, यानं बरंच बदलतं. पंचवीस किलोमीटर एसटीनं येणारा मुलगा आणि क्लासच्या गल्लीत राहणारा मुलगा यांना एकच सल्ला देता येत नाही. तेव्हा खालचं तुमच्या घराला कुठे बसतं ते तुम्हीच बघा.

पहिली गोष्ट, ९१ आणि ७४ हे आकडे शेजारी ठेवू नका. दहावीच्या टक्क्यांत प्रत्येक विषयाचे २० मार्क अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, शिवाय बेस्ट ऑफ फाइव्ह असतं. सर्वांत कमी मार्कांचा विषय गणतीतून जातोच. पाठांतर आणि नीटनेटकं अक्षर यावर तिथे बरंच निभतं. जेईईच्या पेपरात ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. तिथे पाठांतराला फारसं कुणी विचारत नाही. दहावीला नव्वदच्या वर असलेली आणि बारावीच्या पहिल्या टेस्टला शंभरच्या आत आलेली मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांचं डोकं कमी झालेलं नसतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच नापास झाल्यासारखं वाटतं, आणि त्या अनुभवाचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. पहिल्यापासून ६५ टक्के मिळवणारं पोर याबाबतीत जास्त चिवट निघतं, हे मी कितीदा पाहिलंय.

आता ७४ म्हणजे काय ते जरा जवळून बघू. येत्या शनिवारी किंवा रविवारी, दोघांचंही पोट भरलेलं असताना, त्याला म्हणा, ‘मला तो पेपर कसा असतो ते दाखव.’ मार्क दाखव म्हणू नका. पेपर त्याच्या हातात राहू दे आणि तुम्ही शेजारी बसा, समोर नको. त्याला प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एक अक्षर लिहायला सांगा. ‘न’ म्हणजे येतच नव्हतं. ‘च’ म्हणजे येत होतं पण चुकलं, चिन्ह उलटं घेतलं, एकक बदललं नाही, ‘अयोग्य पर्याय निवडा’मधलं ‘अयोग्य’ वाचलंच नाही. ‘त’ म्हणजे तुक्का. तुम्हाला त्यातलं फिजिक्स कळायची गरज नाही. तुम्ही फक्त मोजायचं.

समजा त्याचे २५ बरोबर, २६ चूक आणि २४ सोडलेले निघाले. पंचवीस चोक शंभर, वजा सव्वीस, झाले ७४. आता त्या २६ मध्ये १५ ‘त’ निघाले आणि ६ ‘च’ निघाले असं धरा. ते १५ नुसते सोडून दिले असते तरी ८९ झाले असते. वर ते ६ नीट वाचून सोडवले असते तर प्रत्येकी पाच मार्कांचा फरक, म्हणजे ११९. नवीन एक ओळ न शिकता. हा हिशेब त्याला स्वतःच्या हातानं करू द्या. माझ्या स्टाफरूममध्ये कागदावर हे गणित करताना पोरांचे खांदे खाली आलेले मी बघितलेत. त्यांना वाटत असतं की डोंगर कोसळलाय, आणि निघतं असं की निम्मा ढिगारा तर आपणच घालून ठेवला होता. कधी कधी उलटंही निघतं, सगळेच ‘न’. मग तेही कळलेलं बरं; पुढे काय करायचं ते वेगळं असतं.

यात एक गंमत आहे, ती बऱ्याच पालकांच्या आणि थोड्याफार क्लासेसच्याही लक्षात येत नाही. आपल्या राज्याच्या सीईटीत, म्हणजे राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेत, निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, एकेका मार्काचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, त्यालाही ९० मिनिटं. तिथे एकही प्रश्न रिकामा सोडणं हा शुद्ध वेडेपणा. जेईईत मात्र माहीत नसताना ठोकणं महागात पडतं. एकच मुलगा जानेवारीत जेईईला बसतो, फेब्रुवारीत बोर्डाला पानंच्या पानं लिहितो आणि एप्रिल-मेमध्ये सीईटीला सेकंद मोजतो. तीन परीक्षांना तीन वेगळ्या सवयी लागतात. त्याची मुख्य परीक्षा नेमकी कोणती, हे तुमच्या घरात अजून ठरलं नसेल तर दिवाळीच्या आत ठरवा. त्याला आयआयटी-एनआयटीचा ध्यास नसेल आणि पुण्या-मुंबईचं, सांगलीचं, नागपूरचं चांगलं सरकारी किंवा अनुदानित इंजिनिअरिंग कॉलेज हे ध्येय असेल, तर त्याची मुख्य परीक्षा सीईटी आहे. सीईटी बालभारतीच्या पुस्तकांवर निघते, साधारण ८० टक्के बारावी आणि २० टक्के अकरावी. मग जेईईच्या टेस्टमधले ७४ हा त्याच्या लढाईतला आकडाच नव्हे. पण हे त्याला क्लासवाले आपणहून सांगणार नाहीत, कारण जाहिरातीच्या फ्लेक्सवर फोटो जेईईवाल्यांचे लागतात.

‘न’ जास्त निघाले तर? माझा अनुभव सांगतो की दहातल्या सात वेळा भेग अकरावीत असते. दहावीच्या निकालाचे पेढे वाटून झाल्यावर अकरावीत मुलं सैलावतात, कॉलेजच्या परीक्षा घरच्याघरी ढकलल्या जातात, आणि मोल संकल्पना, व्हेक्टर, ट्रिगोनोमेट्री हे सगळं अर्धकच्चं राहतं. माझ्या विषयाचं सांगते: इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत अडकलेल्या मुलाला मी विचारते, ‘३६ ग्रॅम पाण्यात मोल किती?’ तो क्षणभर छताकडे बघतो. मला कळतं, दुखणं बारावीत नाहीच. पण बारावीतल्या मुलाला अकरावीचं पुस्तक उघडायची लाज वाटते, मित्रांसमोर तर नाहीच नाही. तुम्ही त्याला एवढं सोपं करून देऊ शकता: दिवाळीच्या सुट्टीतले आठ दिवस अकरावीचे म्हणून ठरवून टाका आणि त्या आठ दिवसांत बारावीचं नाव काढू नका. फराळ, किल्ला, मामाकडे एक दिवस, हे सगळं चालू राहून दिवसाला पाच तास मिळतात. पुरतात.

आणि बोर्ड. इंटिग्रेटेडवाल्या घरांमध्ये बोर्डाकडे इतकं दुर्लक्ष होतं की मला चिडायला होतं. राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाला खुल्या प्रवर्गात पीसीएमला मिळून किमान ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ४०. एनआयटी-आयआयटीला ७५ टक्क्यांची अट वेगळीच. सीईटीला चांगले पर्सेंटाइल आणि बोर्डात गणितात गचका, अशी मुलं दरवर्षी जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला दिसतात.

प्रॅक्टिकलचंच बघा. फिजिक्स-केमिस्ट्रीला ३०-३० मार्क. परवाच्याच वर्षी जानेवारीच्या शेवटी प्रॅक्टिकलला एक मुलगा होता, क्लासच्या पहिल्या पाचातला. टायट्रेशन आलं, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेट. सोपं आहे: फ्लास्क तापवायचा, हाताला चटका बसेल इतका, मग ब्युरेटमधून थेंबथेंब सोडायचं, सुरुवातीला रंग जरा रेंगाळतो, मग भराभर उडायला लागतो, आणि शेवटच्या एका थेंबाला फिकट गुलाबी होऊन टिकतो. हा बाबा थंड फ्लास्कमध्येच सोडत सुटला. रंग जाईना. त्याला वाटलं एंड पॉइंट आला, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाली. परत केलं, परत तेच. ब्युरेटची तोटी आयुष्यात पहिल्यांदा फिरवत होता तो, बोटं थरथरत होती. ही अभिक्रिया त्याला संतुलित समीकरणासकट तोंडपाठ होती. तापवायचं कुणी सांगितलंच नव्हतं, कारण दोन वर्षं जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलं होतं. तुमच्या मुलाच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे तास होत असतील तर आठवड्यातून एकदा त्याला तिथे जाऊ द्या. क्लासच्या एका लेक्चरपेक्षा ते नक्कीच फायद्याचं आहे, आणि त्याला दोन तास उभं राहून हातानं काहीतरी करायला मिळतं हेही काही कमी नाही.

आता माझ्या रजेची गोष्ट. माझा मुलगा बारावीला होता त्या वर्षी मी नोव्हेंबरपासून तीन महिने रजा काढली. हेतू चांगलाच होता: गरम जेवण, मध्ये दूध, वेळेवर हाक. पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यापासून मी काय करत होते ते नंतर मुलानंच सांगितलं: ‘आई, तू दर अर्ध्या तासानं काहीतरी घेऊन खोलीत यायचीस. कधी पाणी, कधी डाळिंबाचे दाणे, कधी धुतलेले कपडे. आणि कपडे ठेवताना वहीत बघायचीस.’ मला वाटायचं मी हळूच बघते. एके दिवशी त्याच्या वहीतलं चुकलेलं समीकरण मी कपड्यांची घडी हातात घेऊनच दुरुस्त करून दिलं. शिक्षकाची खोड, दुसरं काय. दुसऱ्या दिवसापासून तो गावातल्या वाचनालयात जाऊन बसायला लागला, सकाळी नऊ ते रात्री आठ. मी घरी, तो बाहेर. तीन महिन्यांची रजा मी रिकाम्या घरात काढली. शिवाय त्याच्या डोक्यावर नवीन ओझं चढलं ते वेगळंच: आईनं माझ्यासाठी पगार सोडलाय. प्रिलिमला गणितात तो गडगडला आणि ते मला त्याच्या मित्राच्या आईकडून भाजीमंडईत कळलं. म्हणजे तुमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि माझी भाजीमंडई, गोष्ट एकच.

आजारपण असेल, मूल घरी एकटं राहण्याच्या अवस्थेत नसेल, गावाकडून शहरात खोली घेऊन राहावं लागत असेल आणि डब्याचे हाल असतील, तर आईनं किंवा वडिलांनी जवळ असणं वेगळं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. संध्याकाळी साडेसहाला बँकेतून येणारी, स्वतःच्या कामाचं काहीतरी सांगणारी, ‘आज कॅश जुळेना म्हणून सगळे आठपर्यंत बसलो’ म्हणून कुरकुरणारी आई त्याला जास्त उपयोगाची आहे. तुमचंही चुकतं, अडतं, दुसऱ्या दिवशी तुम्ही परत कामावर जाता, हे त्याला दिसू दे.

झोपेबद्दल मिस्टरांना माझ्यातर्फे एक सांगा. या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकलेलं असतं. अकरा वाजता या मुलांना झोप येत नाही ही नुसती मस्ती नसते. आणि लागते किती, तर आठ ते दहा तास. दोनला झोपून सहाला उठवलेला मुलगा वर्गात उघड्या डोळ्यांनी झोपतो, मी समोर उभी राहून बघते की. पण परीक्षा काही त्याच्या घड्याळानं होत नाहीत. बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला, अर्धा तास आधी वर्गात. जेईई आणि सीईटीची सकाळची शिफ्ट नऊच्या सुमारास सुरू, त्याआधी केंद्रावर तपासणीची रांग. तेव्हा झोप मागे आणावीच लागेल, पण एका रात्रीत नाही. आठवड्याला वीस मिनिटं. दिवाळीपर्यंत बारा-सव्वाबारावर आली तरी जिंकलात. रात्री दोनपर्यंत तो खरंच अभ्यास करत असेल असं मला वाटत नाही, आणि नसेल करत तर तो काही गुन्हा नाही. दिवसभर क्लासमध्ये काही न कळता बसलेल्या मुलाला रात्रीचे दोन तासच स्वतःचे वाटतात.

फोन काढून घेऊ नका. क्लासच्या नोट्स पीडीएफमध्ये, टेस्ट अ‍ॅपवर, शंका टेलिग्रामवर. फोन काढलात की भांडण रोजचं आणि त्याला सबबही आयती. काढून घेतलेला फोन चौथ्या दिवशी ‘फक्त नोट्ससाठी’ परत द्यावा लागतो, आणि मग तुमचा शब्द पोकळ ठरतो. त्यापेक्षा रात्री साडेअकराला घरातले सगळे फोन हॉलमध्ये एका जागी चार्जिंगला. सगळे म्हणजे मिस्टरांचाही. त्यांना बातम्या बघायच्या असतात, हो, सगळ्यांच्या मिस्टरांना असतात. उठायला गजराचं साधं घड्याळ आणा. हे पंधरा दिवस तुम्ही दोघांनी पाळलंत तर तो पाळेल. तुम्ही तीन दिवसांत मोडलंत तर त्याला दोष देऊ नका.

फीचा आकडा त्याच्यासमोर उच्चारू नका. त्याला तो पाठ आहे, रुपयांपर्यंत. मुलांशी स्टाफरूममध्ये बोलताना मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य ‘मॅडम, अभ्यास होत नाही’ हे नाही. ‘बाबांनी इतके लाख भरलेत’ हे आहे. त्यानं मार्क लपवले, त्यामागे बहुधा हेच असतं. तेव्हा पेपर घेऊन बसाल त्या दिवशी लपवण्याचा विषय एकदाच, एका वाक्यात काढा: ‘मार्क कमी आले याचं नाही, ग्रुपवरून कळलं याचं वाईट वाटलं. पुढच्या वेळी तू सांग, मी त्या दिवशी काहीच बोलणार नाही.’ आणि मग खरोखर बोलू नका. ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. पुढच्या टेस्टला तो येऊन सांगेल, ‘८१’. तुमच्या ओठांवर ‘फक्त?’ येईल. गिळा. ‘बरं. जेवायला काय करू?’ एवढंच. चोवीस तासांनी पेपर काढा. दिवाळीत काका-आत्या विचारतील, ‘काय मग, कॉम्प्युटरच ना?’ तिथेही त्याच्या आधी तुम्हीच बोला, ‘ठरतंय त्याचं,’ आणि चकल्यांचं ताट पुढे करा.

एक गोष्ट मात्र यापासून वेगळी ठेवा. तो जेवेनासा झाला, आवडीच्या गोष्टीही टाकल्या, मित्रांचे फोन घेईना, झोप उशिरा येण्याऐवजी येतच नाही, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही बोलला, अगदी हसत बोलला तरी, तर हा अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याचदा मूल सुटल्यासारखं रडतं. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जिल्हा रुग्णालयात असतात. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास असते, मराठीतही बोलतात. अशा वेळी टेस्ट, क्लास, बोर्ड सगळं बाजूला. वर्ष परत देता येतं. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी दिलंय, दोघंही आज नोकरीला आहेत.

दुसरा रस्ता काय, हेही ऑक्टोबरमध्येच मोकळेपणानं बोलून ठेवा. बारावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं. बीएस्सी करून चांगलं शिकणारी मुलं आहेत. ड्रॉपचं, म्हणजे एक वर्ष थांबून परत परीक्षा देण्याचं, वचन मात्र आत्ताच देऊ नका. ‘नाहीतर पुढच्या वर्षी’ हे वाक्य सप्टेंबरमध्ये घरात आलं की हे वर्ष आपोआप ढिलं पडतं. ड्रॉप कुणाला मानवतो? ज्याचा अभ्यास झाला होता आणि थोडक्यात हुकलं त्याला. अभ्यासच झाला नव्हता त्याला पुढच्या वर्षीही बहुतेक तेच होतं, फक्त मित्र पुढे गेलेले असतात.

एवढं सगळं ‘करू नका’ सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग मी करू काय? तुमचं काम आहे, आणि ते दुसरं कुणी करणार नाही. कागदपत्रं. या आठवड्यात एक फाइल करा. अधिवासाचा दाखला. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का. राखीव प्रवर्गात असाल तर जातीच्या दाखल्यापुढे जात वैधता प्रमाणपत्र, आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर. ते मार्चअखेर संपतं, तेव्हा प्रवेशाच्या वर्षात चालणारं हवं. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) असेल तर तेही त्या वर्षाचं. वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत बारावीतच जातो आणि जुने पुरावे, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला वगैरे शोधण्यातच महिने जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी मे महिन्यात धावाधाव सुरू केली. अर्जाच्या पावतीवर प्रवेश मिळाला, मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही, आणि प्रवर्गातली जागा गेली. तिचे पर्सेंटाइल उत्तम होते. मुलं अभ्यास करत होती, हे काम मोठ्यांचं होतं.

तर सध्या एवढंच धरा: शनिवारी पेपर घेऊन न-च-त, दिवाळीच्या आत मुख्य परीक्षा कोणती ते ठरवणं, फोन हॉलमध्ये, फाइल. क्लास बदलायचा की नाही हे न-च-त तीन टेस्टना करून झाल्यावर बघू. तेव्हा परत लिहा, नुसते मार्क न लिहिता ते तीन आकडे लिहा.

आणि रजा साठवून ठेवा. थोडी फेब्रुवारीत बोर्डाच्या पहिल्या आठवड्यासाठी, त्याला केंद्रावर सोडायला आणि दोन वाजता गेटबाहेर उभं राहायला. बाकीची निकालानंतरच्या प्रवेशासाठी. कॅप राउंडचा, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म भरताना शंभर-दीडशे कॉलेजांचे कोड समोर असतात, मागच्या वर्षीचे कटऑफ दुसऱ्या खिडकीत उघडे असतात, सर्व्हर नेमका रात्री अडकतो, आणि पसंतीक्रमात चुकून खालचं कॉलेज वर गेलं की तेच पदरात पडतं. त्या चार-पाच दिवशी घरात शांत डोक्याचं, आकड्यांची सवय असलेलं एक माणूस लागतं. बँकेतलं असेल तर उत्तमच.